तळघरातील ओल ही एकट्या रहिवाशाची अडचण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की सहकारनगर, धनकवडी, कात्रज अशा उताराच्या भागांतील, मागून जमिनीत गेलेल्या सदनिकांमध्ये ओलीचा त्रास सुरू होतो आणि त्यावर दरवर्षी एकच तोड निघते : पोपडे खरवडायचे, वॉटरप्रूफ पुट्टी भरायची आणि वर रंगाचा हात मारायचा. अशाच एका सदनिकेत राहणारा म्हणून मी कळकळीने सांगतो, की पाणी बाहेरून येत असताना आतून केलेले हे काम टिकणे शक्य नाही.

पुण्याच्या जमिनीखाली बेसाल्टचा कातळ आहे. मुरमातून झिरपलेले पाणी कातळाच्या पाठीवरून आणि भेगांतून उताराकडे सरकते. वाटेत तळघरासाठी फोडलेला खड्डा आला, की ते भिंतीमागच्या भरावात साचते आणि दाबाने आत शिरते. आमच्या मागच्या खोलीत गुडघाभर उंचीपर्यंत भिंतीला लोणा लागला आहे. बोट फिरवले की पांढरी पूड हाताला येते, आणि कपाटामागे काळी बुरशी धरते, जी दम्याच्या रुग्णाला फार बाधते.

अर्थात प्रत्येक ओल झिरपणाऱ्या पाण्याचीच असते असे नाही. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीकडच्या बाजूला धरले तर तो हवेतला दमटपणा, मागे धरले तर पाणी भिंतीतून येते आहे. भर उन्हाळ्यातही ओल हटत नसेल, तर आधी नळाची आणि ड्रेनेजची लाइन तपासावी.

पाणी भिंतीतून येत असेल, तर खरा उपाय भिंतीच्या पलीकडे आहे. बाहेरून खणून शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे भिंतीभोवती फरशीचे जलरोधक कवच, करायचे आणि पायाशी खडीत छिद्रांचा पाइप टाकून पाणी उताराने बाहेर काढायचे. परंतु बाहेरची भिंत आणि आवार सोसायटीच्या सामाईक मालकीचे असल्याने हे काम रहिवासी एकटा करू शकत नाही, आणि सोसायटीत मात्र ‘तुमचे घर, तुम्ही बघा’ हेच उत्तर मिळते. त्यातच गच्चीचे पाइप थेट भिंतीच्या पायाशी सोडलेले असतात, पेव्हिंग ब्लॉकचा उतार इमारतीकडे असतो. पर्जन्यजल पुनर्भरणाचा शोषखड्डासुद्धा काही ठिकाणी तळघराच्या भिंतीला लागून खणला जातो. चांगली योजना अशा रीतीने शेजारच्या घरात पाणी घालते, याचे वाईट वाटते.

रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत कळवलेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. जुन्या इमारतींना हा आधार नाही. म्हणून महापालिकेने भोगवटापत्र देण्यापूर्वी जमिनीखालील भिंतीमागच्या निचऱ्याची आणि शोषखड्ड्याच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी करावी, आणि जुन्या सोसायट्यांनी हे काम सामाईक देखभाल खर्चात धरून मे महिन्यातच उरकावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, धनकवडी, पुणे