आमची जागा साफ करून देणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

"माझा नाव खंय घालू नको गो," असं निघताना तुम्ही बजावलंत, म्हणून नाव घालत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. ठाण्या-डोंबिवलीत राहून गावच्या जमिनीचा घोर लागलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांच्याही हे कानावर जावं.

देवगड तालुक्यातली आमची ती 62 गुंठे जागा. काका गेल्यापासून 12 वर्षं तिथं कुणी फिरकलं नव्हतं. माणूसभर उंच रानमोडी, तिच्यावर चढलेले वेल, कडेनं घाणेरी, ढासळलेला गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत. सातबारावर नावं आमची, पण आत पाय ठेवायला वाट नव्हती. तुमच्या आधी एकानं आगाऊ रक्कम घेतली आणि फोन उचलणं बंद केलं. दुसरा म्हणाला, सफाई फुकट करून देतो, लाकूड तेवढं आमचं. खरं सांगते, आम्हाला तो व्यवहार बरा वाटला होता. तुम्ही समजावलंत की आतले ऐन, किंजळ, खैर, फणस ही सगळी 1964 च्या वृक्षतोड कायद्यातली झाडं आहेत. परवानगीशिवाय तोडली तर जाब मालकाला द्यावा लागतो. आणि फुकटात साफ करणारा नेमकी हीच झाडं नेतो.

मी तर जेसीबी सांगूनच ठेवला होता. तुम्ही जागेच्या तोंडाशी उकिडवे बसलात, पहारीनं वीतभर खणलंत आणि खालचा जांभा मला दाखवलात. "ताई, माती इतकीच हा. जेसीबी लावल्यात तर दोन दिवसात होतला, पण ही माती पयल्या पावसाक व्हाळात जातली. तुमका जागा साफ करूक होयी काय बोडकी करूक?" वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या उतारावर त्या वीतभर मातीची किंमत काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जेसीबी लावला असता तर तुमचंही काम लवकर उरकलं असतं. तरी तुम्ही कोयते आणि ग्रास कटरच काढलेत.

आधी मोजणी करून घ्या, हाही हट्ट तुमचाच. मोजणीवाल्यांना आरपार दिसावं म्हणून तुम्ही फक्त हद्दीची रेघ मोकळी करून दिलीत आणि दगड रोवले जाईपर्यंत आत हात लावला नाहीत. चुलत्यांचा आणि आमचा जो वाद व्हायचा होता, तो त्यामुळे झालाच नाही. मग नोव्हेंबरात, माती अजून ओलसर असताना, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंत आणि सुरुवात केलीत. रानमोडी फुलून बी धरायच्या आत, मुळासकट उपटायची. वरून कापली तर पुढच्या पावसात दुप्पट फुटते. घाणेरीचे उपटलेले खुंट मुळं आभाळाकडे करून ठेवायचे, म्हणजे मातीला लागून परत रुजत नाहीत. गडग्याचा प्रत्येक दगड हलवण्याआधी काठीनं ठोकायचा. चौथ्या दिवशी अशाच एका दगडाखालून फुरसं निघालं. तुमच्या माणसांच्या पायात गमबूट होते, आणि तुम्ही सगळ्यांना मागे सारून त्याला निघून जाऊ दिलंत.

पण दादा, मला सगळ्यात जास्त आठवते ती बाव, आमची जुनी विहीर.

सहाव्या दिवशी तुमचा बाबांना फोन आला. "तात्यानू, तुमची बाव खंय होती?" बाबा 81 वर्षांचे. आज काय जेवलो ते संध्याकाळी आठवत नाही त्यांना. डोंबिवलीच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जुन्या फणसाकडे पाठ कर. उगवतीला अठरा पावलं." तुम्ही फोन चालू ठेवलात. पावलं मोजल्याचं ऐकू येत होतं, मग सगळे गप्प झाले, आणि मग पाण्यात खडा पडल्याचा आवाज आला. वर वेलांची जाळी इतकी दाट होती की तुमचा एक माणूस आदल्या दिवशी तिथून हातभर अंतरावरून गेला होता. काठाचे चिरे केव्हाच आत गेलेले. तुम्ही चारी बाजूंनी काटेरी फाट्यांची वई घातलीत आणि त्यानंतरच आजूबाजूला कोयता लावलात. बाबा फोन ठेवेनात. "पाणी आहे, पाणी आहे," एवढंच सारखं म्हणत होते.

कापलेलं रान पेटवून द्या, असं वाडीतल्या दोघातिघांनी सुचवलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. शेजारी हापूसच्या बागा, वर सड्याच्या माळावर गवत वाळत आलेलं, वारा फिरला तर काय? हिरवा पाला आमच्या चार जुन्या कलमांच्या आळ्यांत घातलात, काटे वईला लावलेत.

एक काजूचं रोप ग्रास कटरखाली गेलं. आम्हाला ते कधी कळलंही नसतं. त्याच संध्याकाळी तुम्हीच फोटो पाठवलात, खाली लिहिलंत, "चूक आमची." जूनमध्ये त्याच जागी वेंगुर्ला 7 चं कलम लावून गेलात, आणि पैसे काढले तर हात मागे घेतलात.

हिशोबाच्या वहीचं पान रोज रात्री फोटो काढून यायचं. माणसं किती, मजुरी किती, कटरचं पेट्रोल किती. बोलणं 14 दिवसांचं झालं होतं, काम 11 दिवसांत झालं, आणि तुम्ही 11 दिवसांचेच घेतलेत. गावच्या कंत्राटदारांबद्दल शहरात बसून मीसुद्धा काय काय बोलले आहे. ते शब्द मी इथे परत घेते.

मे महिन्यात बाबांना घेऊन आले होते. जुन्या वाटेनं ते काठी टेकत चालले, गडग्याशी तुम्ही राखलेल्या करवंदीजवळ थांबले आणि तिथंच उभ्यानं ओंजळभर करवंदं खाल्ली. सदऱ्यावर डाग पडले. तो सदरा त्यांनी अजून धुवायला दिलेला नाही.

रानमोडी परत डोकं वर काढणार, हे तुम्ही सांगूनच ठेवलंय. दिवाळी झाली की यायचं. बावेचा काठही या खेपेला बांधून घेऊ. आणि त्या दिवशी फक्त चहावर निघायचं नाही, जेवून जायचं. बाबांनी तसं लिहायला सांगितलंय.

तुमची,
तात्यांची धाकटी लेक