राणी गल्ल्याकडे बघायची

आदरणीय पेंटरकाका,

साष्टांग नमस्कार.

पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही रंगवून दिलेल्या आमच्या जुन्या खेळाच्या मशीनसाठी समोरासमोर आभार मानायला लागलो की तुम्ही रेडिओचा आवाज वाढवता. असं दोनदा झालंय. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतो. दुकान पुण्यात कुंभारवेशीच्या आसपास आहे एवढंच सांगतो. ओळखणारे तेवढ्यावरून ओळखतील आणि बाकीच्यांनी गणपतीच्या सीझनमध्ये येऊन तुमचं डोकं खाऊ नये.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. १९८४ साली माझ्या वडिलांनी मुंबईतल्या एका क्लबाच्या अडगळीतून पिनबॉलचं मशीन उचललं. काचेखालच्या उतरत्या पाटावर छत्र्यांसारख्या खांबांना आदळत पोलादी बॉल खाली येतो, तो खालच्या दोन दांड्यांनी परत वर मारायचा, असा खेळ. शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं, पत्त्यांच्या चित्रांचं. मॉडेलचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की 'द्यायचंय का?' विचारणारे सुरू होतात. आत चिप नाही, कॉम्प्युटर नाही, नुसते रिले, कॉइल आणि वायरींचं जंगल. आकडे फिरणाऱ्या चाकांवर, आणि दर शंभर पॉइंटांना खरीखुरी घंटा वाजायची. कॅम्पातल्या आमच्या दहा बाय बाराच्या गेम पार्लरमध्ये ते अकरा वर्षं चाललं. वडील ते दुरुस्त करायचे, आई गल्ल्यावर बसून सुटे द्यायची. रुपयाला पाच बॉल.

मशीनच्या पोटात एक ओळंबा टांगलेला असतो, गवंड्याकडे असतो तसाच. कोणी मशीन हलवलं की तो भोवतीच्या कड्याला टेकतो आणि खेळ बंद. टिल्ट. त्यावरून रोज भांडणं व्हायची, म्हणून आईने पाटी लावली होती: 'मशीनला धक्का देऊ नये. दिल्यास खेळ बंद पडेल. पैसे परत मागू नयेत. वादही घालू नये.' एकदा एक हवालदार हा जुगार आहे का ते बघायला आला. वडिलांनी त्याला मशीनवर छापलेली 'फॉर अम्युझमेंट ओन्ली' ही ओळ वाचून दाखवली. तशी ती शंका अगदीच गावठी नव्हती. खुद्द न्यूयॉर्क शहरात पिनबॉलवर १९४२ पासून १९७६ पर्यंत बंदी होती, जुगार म्हणूनच. महापौर ला ग्वार्डियांनी जप्त केलेली मशीनं फोडायला लावली होती. आमच्या हवालदाराने तीन गेम खेळून चौकशी संपवली.

पुढे व्हिडिओ गेम आले, पार्लर बंद झालं, आणि मशीन आमच्या अरण्येश्वरच्या घरी तळमजल्यावरच्या खोलीत जाऊन बसलं. वडील २०१६ मध्ये गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा रस्त्यावर आला, तो त्या खोलीतही आला. मशीन पायांवर उभं असल्यामुळे पाणी खेळाच्या पाटापर्यंत पोचलं नाही, पण ओल पोचली. आधीच झिजलेला रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला.

आता तुमच्या आधी जे भेटले त्यांच्याबद्दल. काका, तुम्ही कोणाला नावं ठेवू देत नाही, म्हणून नावं घेत नाही. पण ठेवतो.

पहिला फर्निचर पॉलिशवाला. त्याने पाट बघितला आणि 'वरून छान सनमायका बसवून देतो' म्हणाला. दुसरा फ्लेक्सवाला. तो फोटो काढून स्टिकर छापून देणार होता. त्या स्टिकरवरून ८० ग्रॅमचा पोलादी गोळा दिवसभर पळणार आहे हे सांगितल्यावर म्हणाला, 'मग कमी खेळा.' तिसरा मात्र महागात पडला. मुंबईचा, व्हिजिटिंग कार्डावर 'एक्स्पर्ट' असं छापलेला. त्याने चाळीस हजार आगाऊ घेतले, पाट सात महिने ठेवला आणि परत दिला तेव्हा मधली बदाम राणी गळ्यापासून कपाळापर्यंत घासायच्या मशीनने घासलेली होती. वर जाड वॉर्निशचा हात, वाळलेल्या मधासारखा. विचारलं तर म्हणाला, 'जुन्या वस्तूत एवढं चालायचंच.' फोन त्यानंतर उचलला नाही.

तो पाट चादरीत गुंडाळून मी तुमच्याकडे आणला तेव्हा आषाढ होता. तुम्ही चादर बाजूला केली आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग नख फिरवलंत, वास घेतलात आणि विचारलंत, "कोणी घासलं?"

मला लाज वाटली, म्हणून मी खोटं बोललो. झिजलंय म्हणालो.

"झिजण्याला दिशा असते," तुम्ही म्हणालात. "हे बघा, छत्र्यांपाशी गोल झिजलंय, दांड्यांपाशी तिरपं. बॉल जिकडून येतो तिकडून रंग जातो. राणीला मात्र कोणीतरी मारलंय."

तीन जणांना जे दिसलं नाही ते तुम्ही दोन मिनिटांत वाचलंत, आणि आयुष्यात पिनबॉल तुम्ही पहिल्यांदा बघत होता. हे हाताने रंगवलेलं नाही, लग्नपत्रिका छापतात तसं स्क्रीनने छापलंय, एकेक रंग वेगळा, हेही तुम्हीच सांगितलंत. राणीकडे बघून म्हणालात, "ही विलायती. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफात राणी नसतेच. राजा आणि प्रधान, बस." मी घरी जाऊन बघितलं. खरंच, दशावतारी गंजिफात १२० पानं आणि राणी एकही नाही.

"गणपती झाल्यावर या," तुम्ही म्हणालात. मला तोही वायदाच वाटला, दुधाने तोंड पोळलेलं होतं. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी तुमचा फोन आला, "पाट आणताय ना?"

काम कसं झालं ते सगळं लिहीत नाही, मला कळलंही तेवढं नाही. पण लाल रंगाचं लिहितो. तुम्ही लाल लाकडावर लावून बघत नव्हता. साडीच्या पिशवीच्या प्लास्टिकचा चौकोन कापून त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग ते प्लास्टिक जुन्या लालवर सरकवत न्यायचं. ठिपका दिसेनासा झाला की रंग जमला. अकराव्या चौकोनावर ठिपका दिसेनासा झाला. पांढऱ्याला तर तुम्ही पांढरा लावूच दिला नाहीत. पन्नास वर्षांच्या लॅकरखाली सगळं पिवळसर झालेलं, त्यात डब्यातला पांढरा गोंदाच्या डागासारखा उठून दिसला असता. "म्हातारा पांढरा करावा लागतो," म्हणत तुम्ही त्यात पिवळ्या मातीचा रंग सुईच्या टोकाने घातलात.

राणीचा मुकुट झाला, केस झाले, हातातलं फूल झालं. डोळे राहिले.

डोळ्यांची अडचण तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. परदेशातल्या हौशी लोकांकडून मी याच मॉडेलचे पाच फोटो मिळवले होते. चारांत राणीला डोळे नव्हते. वरच्या खळग्यात अडकलेला बॉल मशीन बाहेर फेकतं, तो बरोबर तिच्या डोळ्यांवर येऊन पडतो; पुण्यात काय आणि अमेरिकेत काय, सगळीकडे तिचं तेच गेलेलं. पाचव्यात कोणीतरी नवे रंगवून घेतले होते, पण ती राणी वाटत नव्हती, कॉपी करताना पकडलेली मुलगी वाटत होती. मी म्हटलं, "काका, द्या काहीतरी अंदाजाने." तुम्ही ब्रश धुवायला घेतलात आणि विचारलंत, "हिला रोज कोण बघायचं?"

मी म्हटलं, आई.

"मग उद्या अकराला वहिनींना घेऊन या."

आई एकोणऐंशीची आहे. पुरानंतर 'ते भंगारात द्या' यापलीकडे मशीनबद्दल ती काही बोलली नव्हती. तीन कारागीर झाले, पैसे गेले, तिने एकदाही पाट बघायला मागितला नाही. त्या दिवशी रिक्षातही कुरकुरत होती, म्हणाली माझं काय काम तिथे.

तुम्ही दुकानातली एकुलती एक खुर्ची पुसून ठेवली होती. पाट दोन स्टुलांवर, एका बाजूने विटकर लावून, मशीनमध्ये असतो तेवढाच उतरता. आई बसायला गेली तेवढ्यात तुम्ही थांबवलंत.

"वहिनी, गल्ला कुठे होता?"

आईने हाताने दाखवलं, डाव्या अंगाला, जरा मागे. तुम्ही खुर्ची उचलून तिथे नेलीत. मग रेडिओ बंद केलात.

काका, लाल जमला ते तुमचं कौशल्य, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत आणि मी दिले. खुर्ची उचलून गल्ल्याच्या जागी ठेवलीत, त्याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांनी मला लांबी-रुंदी विचारली, बजेट विचारलं, एकाने तर 'रिसेल व्हॅल्यू' विचारली. आई कुठे बसायची हे कोणीच विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

"कुठे बघायची ही?" तुम्ही विचारलंत.

"माझ्याकडे," आई लगेच म्हणाली. जसं काही कोणी कालच विचारलं होतं. "गल्ल्याकडे. सुटे मोजताना चुकले की वाटायचं, ही बघतेय."

शून्य नंबरचा ब्रश. तुम्ही श्वास धरलात, तो मला ऐकू आला, म्हणजे थांबलेला ऐकू आला. गणपतीची आखणी करताना तुम्ही असेच दिसत असाल. डाव्या डोळ्यात एक ठिपका.

"एवढं?"

आई पुढे झुकली. "थोडं खाली. मी ठेंगणी आहे."

तुम्ही हसला नाहीत. खाली घेतलंत, केसाएवढं. मग उजवा. मग ती बघायला लागली.

त्याच दिवशी उजव्या दांडीजवळचा तो भलताच चमकणारा लाल तुकडा तुम्ही आईला दाखवलात. वडिलांनी कधीतरी झीज झाकायला तिथे काहीतरी फासलं होतं. "ही नेलपॉलिश आहे," तुम्ही म्हणालात, "ठेवू का काढू?" मी भरल्या गळ्याने 'ठेवा' म्हणणार होतो. आई म्हणाली, "काढा. बाटली माझी होती. मी मोलकरणीवर संशय घेतला होता." तुम्ही काढलीत. तिचंच बरोबर होतं.

परत येताना स्वारगेटपासून घरापर्यंत ती बोलत होती. कोण मुलं शाळा बुडवून यायची, कोणाची आई कान धरून न्यायची, कोणाकडे अजून तीन रुपये बाकी आहेत. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

चांगुलपणा हल्ली दुर्मीळ झालाय असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही, तो फक्त जाहिरात करत नाही. शेवटचा क्लिअर कोट गाडीच्या रंगकामवाल्याकडे मारायचा होता, तेव्हा तुम्ही स्वतः भोसरीपर्यंत आलात आणि तिथल्या पोराने नीट मास्क लावेपर्यंत त्याला रंगाची गन हातात घेऊ दिली नाहीत. 'यातली वाफ छातीत बसते' म्हणालात. त्या पोराशी तुमचा काय संबंध? आणि हिशेब करताना जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर सगळं मांडून सहाशे रुपये परत केलेत, कारण पिवळा रंग तुमच्याकडे आधीचाच होता. चाळीस हजारवाल्याची पावती मी अजून जपून ठेवली आहे. ती पत्रिका तिच्याच शेजारी ठेवली.

मशीन जोडायला मला दोन महिने लागले. पहिल्या खेळाला तुम्हाला बोलावलं. तुम्ही बाह्या सरसावून स्प्रिंग ओढलीत, बॉल वर गेला, एका छत्रीला टेकला, घंटा दोनदा वाजली आणि तो दोन्ही दांड्यांच्या मधून सरळ खाली. चार सेकंद. तुम्ही एवढंच म्हणालात, "रंगाला लागला नाही ना?" बॉलबद्दल काही नाही.

उरलेले चार बॉल तुम्ही खेळलाच नाहीत, चहा घेऊन निघालात. ते तसेच शिल्लक आहेत, आईने कोणाला हात लावू दिलेला नाही. तुमचा शून्य नंबरचा ब्रशही आमच्याकडे राहिलाय. रविवारी या. गल्ला पुन्हा डाव्या अंगाला लागला आहे, त्यामुळे येताना रुपयाची नाणी आणा. आईने सांगितलंय, सुटे मिळणार नाहीत.

तुमचा,
अरण्येश्वरचा पाटवाला