‘होय’ लिहिणाऱ्या खेळाडूला घरी पाठवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने यंदा धावण्याच्या एका खुल्या स्पर्धेसाठी अर्ज भरला. अर्जात शेवटी ‘हृदयविकार आहे का?’ असा प्रश्न होता. तिने ‘होय’ या चौकोनात खूण केली आणि सोबत आपल्या हृदयरोगतज्ज्ञांचे दोन पानी पत्र जोडले. ते पत्र वाचण्याची तसदीही न घेता आयोजकांनी अर्ज परत केला. मी तिचा शाळेतला क्रीडाशिक्षक; आता निवृत्त आहे. तिच्या आणि तिच्या पालकांच्या संमतीने, नाव न देता, हे लिहीत आहे, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

ही मुलगी ८०० आणि १५०० मीटर धावते. काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या सरावात शेवटच्या वळणावर ती कोसळली. किनाऱ्यावर जीवरक्षकाची नोकरी करणारा शेजारचा एक तरुण त्या दिवशी सुट्टीवर होता आणि त्याच मैदानावर फेऱ्या मारत होता. त्याने नाडी पाहण्यात वेळ न घालवता छाती दाबायला सुरुवात केली आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबला नाही. रुग्णवाहिकेतल्या यंत्राने शॉक दिल्यावर ठोके परत आले. पुढे तपासण्यांत निदान झाले ते ‘लाँग क्यूटी’ या विकाराचे. यात हृदयाचे स्नायू, झडपा, रक्तवाहिन्या सगळे ठीक असते, म्हणून इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काहीच दिसत नाही. परंतु प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युतक्रिया पूर्ववत व्हायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि श्रमाच्या किंवा भीतीच्या क्षणी ठोक्यांची लय पार विस्कटू शकते. हा विकार बहुधा आनुवंशिक असतो. तिच्या आईचा आणि धाकट्या भावाचा ईसीजी काढला गेला तो त्यानंतर, आणि माझ्या मते तो तितकाच महत्त्वाचा होता.

तिला हृदयाची गती आवरणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या सुरू झाल्या आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली आयसीडी, म्हणजे शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर, बसवण्यात आला. तळहातात मावेल अशी ही डबी असते; तिच्यातून निघालेली तार शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते. पेसमेकर मंद हृदयाला गती देतो, तर आयसीडी प्रत्येक ठोका मोजत राहतो आणि जीवघेणी लय दिसली की काही सेकंदांत शॉक देऊन ती मोडतो. बॅटरी साधारण ७ ते १० वर्षे चालते, मग डबी बदलावी लागते.

धावताना ठोके वाढतातच, मग यंत्र चुकून शॉक देणार नाही का, असे मला अनेकांनी विचारले. देऊ शकते, आणि तिला असा एक शॉक बसलाही आहे. सुरुवातीला तिच्या यंत्राची शॉक देण्याची सीमा मिनिटाला १९० ठोके अशी ठेवलेली होती. परवानगी नसताना ती बहिणीबरोबर शर्यत लावून चढणीवर जोरात पळाली आणि शॉक बसला. शुद्धीवर असताना बसलेला शॉक आतून गुद्दा मारल्यासारखा असतो, असे ती सांगते, आणि त्यानंतर बरेच दिवस तिला जिना चढायचीही धास्ती वाटत होती. यंत्राची नोंद तपासल्यावर कळले की हृदयाची लय मुळात बिघडलीच नव्हती, ते श्रमाने वाढलेले नेहमीचेच ठोके होते. मग गोळीचा डोस वाढवण्यात आला, ट्रेडमिलवर तिला दमेपर्यंत पळवून जास्तीत जास्त ठोके पाहण्यात आले (ते १७० च्या पुढे गेले नाहीत) आणि सीमा २२० वर नेण्यात आली. एवढे सगळे झाल्यावर आणि बरेच महिने यंत्राच्या नोंदी स्वच्छ आल्यावरच तज्ज्ञांनी स्पर्धेत उतरण्यास हरकत नसल्याचे लिहून दिले. परत आले ते हेच पत्र.

जगात या बाबतीत मते कशी बदलली, हेही आयोजकांनी पाहावे. २००५ च्या अमेरिकी शिफारशींत आयसीडी असलेल्यांना गोल्फ, बोलिंग अशा हलक्या खेळांपुरतीच मुभा होती. २०१३ मध्ये अशा ३७२ खेळाडूंच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींना खेळताना शॉक बसले, काही शॉक अनावश्यकही होते, परंतु खेळताना एकाचाही मृत्यू झाला नाही. फुटबॉलवेड्या गोव्याला डेन्मार्कच्या ख्रिस्तियन एरिक्सनची गोष्ट वेगळी सांगायला नको. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्धच्या सामन्यात त्याचे हृदय थांबले आणि नंतर त्याला आयसीडी बसवण्यात आला. इटलीच्या नियमांत तो बसत नसल्याने इंटर मिलानशी असलेला त्याचा करार संपुष्टात आला; २०२२ च्या सुरुवातीला तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून खेळू लागला आणि त्याच वर्षी विश्वचषकातही उतरला. माणूस तोच, यंत्र तेच. बदलला तो फक्त निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा याचा नियम. आपल्याकडे असा नियमच दिसत नाही, त्यामुळे टेबलावर बसलेला स्वयंसेवक तो ठरवतो.

आयसीडी आहे म्हणून कुणालाही मैदानात सोडा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्याचा स्नायू झिजत जाणाऱ्या एका आनुवंशिक विकारात जोरकस व्यायामाने रोगच वाढतो. तिथे यंत्र असूनही स्पर्धा थांबवणेच शहाणपणाचे. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये डबीवर आघात होण्याचा आणि तारेला इजा होण्याचा धोका वेगळा. म्हणजे प्रश्न विकार कोणता आणि खेळ कोणता हा आहे, आणि त्याचे उत्तर हृदयरोगतज्ज्ञ, खेळाडू आणि पालक यांनीच एकत्र बसून द्यायचे आहे.

आयोजकांची भीती मला समजते. गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोल करून कोसळला आणि गेला, ते आमच्या पिढीला आजही आठवते. परंतु नकाराने धोका टळत नाही, तो फक्त अर्जावरून पुसला जातो. ‘होय’ लिहिले की बाहेर, हे एकदा मुलांना कळले की पुढची मुलगी ‘नाही’ लिहील. मग सकाळच्या धांदलीत तिने गोळी घेतली की नाही, हे विचारणारे कुणी नसेल. लाँग क्यूटीच्या रुग्णाने गोळी चुकवणे हे धावण्याइतकेच धोक्याचे आहे. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पोटॅशियम कमी झाले तरी धोका वाढतो, आणि उलटी थांबवण्यासाठी सर्रास दिले जाणारे ओंडान्सेट्रॉन किंवा घशासाठीचे अ‍ॅझिथ्रोमायसिन अशा रुग्णाला शक्यतो टाळावे लागते. प्रथमोपचाराच्या टेबलावरील डॉक्टरला आजारच माहीत नसेल, तर औषधच घात करील. (बीटा-ब्लॉकर गोळ्या तिरंदाजी आणि नेमबाजीत उत्तेजक-विरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत, धावण्यात नाहीत, हेही एका पंचांना समजावून सांगावे लागले.)

म्हणून क्रीडा व युवा व्यवहार खात्याला विनंती आहे की ‘होय’ लिहिणाऱ्याकडून तज्ज्ञांचे अलीकडचे पत्र आणि यंत्राच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी, ती वैद्यकीय पथकाकडे गोपनीय ठेवावी आणि नकार द्यायचा झाल्यास तो डॉक्टरने कारणासह लेखी द्यावा. आयसीडी असो वा नसो, प्रत्येक स्पर्धेच्या मैदानावर एईडी, म्हणजे छातीवर पट्ट्या चिकटवून बाहेरून शॉक देणारे यंत्र हवे, कारण हृदय थांबल्यावर शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते आणि पेडण्याहून किंवा सत्तरीहून बांबोळीचे सरकारी रुग्णालय काही मिनिटांवर नाही. यंत्र कपाटात कुलूपबंद नको. आयसीडी असलेला खेळाडू एका शॉकनंतर शुद्धीवर असेल, तर त्याला बसवून तज्ज्ञांना फोन करावा. पुन्हा शॉक बसले किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करावा, आणि श्वास नीट चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करून एईडी लावावे, मात्र त्याच्या पट्ट्या डबीपासून चार बोटे दूर चिकटवाव्यात. आयसीडीचा शॉक बसताना खेळाडूला हात लावणाऱ्याला फार तर मुंग्या येतात, इजा होत नाही; एईडी शॉक देताना मात्र कुणीही हात लावू नये. एवढे शिकवायला एक दुपार पुरते, आणि शिकवू शकतील असे जीवरक्षक आपल्या किनाऱ्यांवर रोज ड्युटीवर असतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, पेडणे