‘शरीरशुद्धी’च्या लेखात दुधीचा कडवटपणा का नाही?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ‘तीन दिवसांत शरीरशुद्धी’ हा लेख वाचला. पोटाच्या आरोग्यावर पानभर जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण पहिल्या दिवसाच्या रकान्यात ‘सकाळी अनशापोटी एक मोठा पेला दुधीचा रस’ असे छापले आहे आणि दुधी आधी चाखून घ्या, हे एक वाक्य संपूर्ण लेखात कुठेही नाही. ही चूक गंभीर आहे.

दुधीत क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एरवी ती नगण्य असतात, पण वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन फार झाले किंवा रानटी जातीशी परागसंकर झाला की वाढतात. वरून फळ तेच दिसते, हिरवेगार आणि कोवळे. असा कडू रस अर्धा पेला पोटात गेला तरी थोड्याच वेळात मळमळ, पोटात कळा, उलट्या-जुलाब सुरू होतात, उलटीतून रक्त पडते, रक्तदाब कोसळतो. देशात यातून मृत्यू झाले आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू रस मुळीच पिऊ नये, असे स्पष्ट सांगितले. याला उतारा नाही. रुग्णालयात सलाईन लावून रक्तदाब सावरणे, जठराला जपणे एवढेच हाती असते, म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

काळजी सोपी आहे. दुधी चिरल्यावर दोन्ही टोकांची चकती जिभेला लावून बघायची. किंचित कडू लागली तरी थुंकून चूळ भरायची आणि तो दुधी अख्खा फेकायचा. शिजवून किंवा उकळून कडू द्रव्य जात नाही, त्यामुळे भाजीलाही तो चालत नाही. लेखात मात्र रसात आवळा, पुदिना आणि मध घालायला सांगितले आहे! चव बिघडल्याची जिभेला मिळणारी एकुलती एक सूचनाच त्याने झाकली जाते. ‘औषध कडूच असते’ म्हणून नाक दाबून पिणारी माणसे घरोघरी आहेत. येत्या रविवारी त्याच पानावर ठळक दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आता ‘साचलेल्या विषां’विषयी. मिसळ आणि तांबडा-पांढरा खाऊन शरीरात विष साचते आणि रसाने ते धुऊन निघते, असे काही होत नाही. प्रथिनांच्या पचनातून येणाऱ्या अमोनियाचा युरिया यकृत करते, तो मूत्रपिंडे लघवीतून बाहेर टाकतात, आणि हे काम रोज, चोवीस तास चालते. रस गाळताना फेकला जातो तो चोथाच खरे तर आतड्याला हवा असतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. दिवसाला साधारण 30 ग्रॅम तंतू लागतात. 50 ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीतून सुमारे 5 ग्रॅम मिळतात. सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ आणि पालेभाजी असली की बेरीज जमत जाते. मात्र भात सोडून एकदम भाकरी-उसळीवर येऊ नये, पोट फुगते. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे, पाणीही वाढवावे. ताकाचा उपयोग जिवाणूंसाठी करायचा असेल तर कढी करू नये, ते गारच प्यावे.

ताणतणावावर लेखात दोनच ओळी आहेत, त्या बरोबर आहेत. ताणात जठर उशिरा रिकामे होते आणि मोठे आतडे घाई करते. परीक्षेच्या सकाळी मुलांना पोट फुगल्यासारखे वाटते आणि वारंवार शौचालाही जावे लागते, ते यामुळे. अशा पोटाला तीन दिवसांचा उपवास हा आणखी एक ताण ठरतो. ठरल्या वेळी जेवण आणि झोपण्यापूर्वी दोन-तीन तास मोकळे पोट याचा फायदा अधिक होतो.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर ‘नैसर्गिक गोडवा’ म्हणून गुळाच्या ढेपेचे छायाचित्र आहे, पिवळेधमक. गुऱ्हाळात रानभेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला गूळ तांबूस-तपकिरी होतो. पांढरट पिवळा रंग बहुतेक वेळा हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालून आणलेला असतो. त्यातून उरणारे सल्फाइट दमेकऱ्यांना त्रास देते, आणि असा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो. आपल्या जिल्ह्याच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. ग्राहक पिवळा मागतो म्हणून गुऱ्हाळवाला हायड्रॉस टाकतो, आणि ग्राहकाला पिवळा हवासा वाटतो तो अशाच छायाचित्रांमुळे. पुढच्या वेळी तपकिरी ढेप छापावी.

— आहारशास्त्राची एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर