जुबाच्या वित्त मंत्रालयात जाणाऱ्या मुलीस

धुळे

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबाला, परदेशी मदतीचा मेळ घालणाऱ्या मदत समन्वय कक्षात रुजू होते आहेस. 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झालेला दक्षिण सुदान. तिथं पैसा देणारे पुष्कळ आणि सगळ्यांचा हिशेब एकत्र ठेवणारे थोडे. तो हिशेब त्यांच्या सरकारच्या हाती येईल, यासाठीच तुझा सल्ला उपयोगी पडला पाहिजे.

सुरुवात नोंदवहीपासून कर. एक्सेलची साधी फाइल पुरते. पहिल्याच वर्षी महागडं सॉफ्टवेअर घेऊ देऊ नकोस. बाहेरचा सल्लागार परत गेला की ते चालवायला कुणी उरत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या चार रकमा चार रकान्यांत लिही: जाहीर झालेली, करारात आलेली, प्रत्यक्ष सोडलेली, खर्च झालेली. परिषदेत टाळ्या पहिल्या रकमेला पडतात, शाळेच्या भिंती मात्र चौथीवर उभ्या राहतात. रक्कम देणाऱ्याच्याच चलनात आणि तारखेसह नोंदव, नाहीतर तिथला दक्षिण सुदानी पौंड घसरला की मागचे आकडे जुळत नाहीत.

सर्वांत जास्त घोळ दुहेरी मोजणीत होतो. समज, एका देशानं युनिसेफला पैसे दिले, युनिसेफनं मोठ्या संस्थेला, तिनं गावातल्या छोट्या संस्थेला. तिघांनीही आपापला आकडा कळवला तर एका डॉलरचे तीन होतात. मूळ देणाऱ्याचा रकाना वेगळा, काम करणाऱ्याचा वेगळा, आणि बेरीज फक्त मूळ देणाऱ्याची.

आकडे वार्षिक नको, तिमाही माग. तिथलं आर्थिक वर्ष जुलै ते जून, ब्रिटन आणि जपानचं एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. तिमाह्या जोडून कुणाचंही वर्ष तयार करता येतं. पुढच्या तीन वर्षांचे अंदाज डिसेंबरपर्यंत हाती आले, तरच खात्यांच्या मागण्या ठरताना त्यांचा उपयोग. मेमध्ये आलेला आकडा त्या अंदाजपत्रकाला मुकला म्हणून समज.

यापुढचं जास्त महत्त्वाचं, बेटा. प्रत्येक प्रस्तावावर एकच प्रश्न लावून धर: चौथ्या वर्षी पगार कोण देणार? आरोग्य केंद्र बांधून मिळतं, उद्घाटन होतं. मग परिचारिकेचा पगार, लशींच्या फ्रिजची बॅटरी, औषधं, जनरेटरचं डिझेल हे सगळं सरकारवर येतं. ‘पुढील खर्च शासन करील’ एवढ्या ओळीवर सही होऊ देऊ नकोस. अंदाजपत्रकात खर्च कोणत्या सदरात पडणार, म्हणजे लेखाशीर्ष कोणतं, आणि दरवर्षी किती, हे लिहून घे. जानेवारी 2012 मध्ये, तेल सुदानमधून बाहेर नेणाऱ्या पाइपलाइनच्या शुल्कावरून सुदानशी वाद पेटला आणि दक्षिण सुदाननं तेल उत्पादन थांबवलं, तेव्हा सरकारचा सुमारे 98 टक्के महसूल तेलाचा होता. अशा तिजोरीच्या भरवशावर किती दवाखाने बांधायचे, ते बांधण्याआधी मोजावंच लागतं. 1966 ला स्वतंत्र झालेलं बोत्स्वाना हे मोजत असे. सुरुवातीला रोजच्या कारभारालाही ब्रिटनचं अनुदान लागत होतं, तरी मदत वित्त व नियोजन मंत्रालयातूनच यायची आणि राष्ट्रीय योजनेत न बसणारा प्रकल्प ते नाकारत. गरजवंतसुद्धा नाही म्हणू शकतो, हे जुबाच्या अधिकाऱ्यांना या उदाहरणासह सांग.

आता वाटणी. आपल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत पाण्याखालच्या शेतीचे फड, म्हणजे भाग, पाडतात; कोणत्या फडात कोणतं पीक, हे शेतकरी मिळून ठरवतात आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडतो. मदतीचंही तसंच व्हावं: फड सरकारनं आखायचे. युरोपीय संघानं 2007 मध्ये आपल्या सदस्यांसाठी ऐच्छिक आचारसंहिता केली, की एका देशात एकेकानं साधारण तीनच क्षेत्रांत काम करावं. तो कागद बैठकीला जवळ ठेव. आखणी नसेल तर सगळे राजधानीजवळच्या आरोग्य केंद्रांवर गोळा होतात आणि रस्त्यांच्या देखभालीला कुणी राहत नाही.

करारावर सही फक्त वित्त मंत्रालयाची, हा नियम पहिल्या सहा महिन्यांत मंत्रिमंडळाकडून करून घ्यायला सांग. खाती परस्पर सामंजस्य करार करतात आणि देणी वित्तला नंतर कळतात. पैसा बाहेरचा म्हणून मालकी बाहेरची होत नाही. साक्रीजवळ शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प जर्मन विकास बँकेच्या कर्जातून झाला, तो महानिर्मितीचा, म्हणजे आपल्या राज्याच्या वीज कंपनीचा आहे.

देणारे आपापल्या प्रकल्पांसाठी उघडतात त्या स्वतंत्र कार्यालयांवर लक्ष ठेव. ती मंत्रालयाच्या कितीतरी पट पगार देतात आणि चांगले लेखापाल तिकडे जातात. सगळ्या देणाऱ्यांसाठी मानधनाचा एकच तक्ता ठरवून घे. सगळा पैसा तिजोरीतून फिरलाच पाहिजे असा हट्ट मात्र आत्ता नको. आधी तो योजनेत आणि अंदाजपत्रकात दिसू दे. तिजोरी, खरेदी आणि लेखापरीक्षण जसजसे सुधारतील तसा तिकडे वळव. 2005 मध्ये उत्तर आणि दक्षिण सुदानमध्ये झालेल्या शांतता करारानंतर जागतिक बँकेकडे सोपवलेल्या, अनेक देणाऱ्यांच्या सामायिक निधीतून पैसा फार सावकाश सुटला. नव्या मंत्रालयांना खरेदीचे ते नियम झेपले नव्हते.

पहिल्या महिन्यात आरोग्य आणि शिक्षण, दोनच खात्यांची वही पुरी कर, आणि ती तिथल्याच कारकुनाच्या हातून भरून घे. रकान्यांचा मसुदा मला पाठव, मी बघून देईन. आकडे पाठवू नकोस, ते त्यांच्या सरकारचे आहेत.

तुझे,
आबा