दिवा घेताना केल्विनही पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या आधी घराला रंग देणे, फॉल सीलिंग करून घेणे आणि जुने दिवे बदलणे ही कामे अनेक घरांत एकदमच निघतात. अशा वेळी आपण दिव्याचे वॅट, किंमत आणि गॅरंटी पाहतो. दुकानदारही फार तर ‘पांढरा की पिवळा’ एवढेच विचारतो. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला केल्विनचा आकडा, म्हणजेच रंगतापमान, मात्र क्वचितच कुणी वाचतो. त्या आकड्याचा आपल्या झोपेशी आणि घरातल्या प्रत्येक रंगाशी संबंध आहे. शिवाय तो हवा तसा बदलता येईल असे एलईडी दिवे आता साध्या दुकानांतही मिळू लागले आहेत. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लोहाराच्या भट्टीत तापणारे लोखंड आधी लाल, मग नारिंगी आणि पुढे पिवळसर पांढरे दिसू लागते. एखादा पदार्थ त्याहूनही कितीतरी अधिक तापवता आला, तर त्याच्या उजेडात निळसर झाक येते. प्रकाशाची छटा केल्विन या तापमानाच्या एककात सांगण्याची रीत याच नियमावर उभी आहे. तेलाच्या दिव्याची ज्योत सुमारे १९०० केल्विनची, तारेचा जुना बल्ब साधारण २७०० चा, भरदुपारचे ऊन ५५०० च्या आसपास आणि ढगाळ आकाशाचा उजेड ६५०० किंवा त्याहूनही वरचा असतो. एलईडी स्वतः एवढा तापत नाही. त्याच्या खोक्यावरचा आकडा इतकेच सांगतो की त्याचा उजेड त्या तापमानाच्या वस्तूच्या उजेडासारखा दिसेल. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आकड्यांमधले सारखे अंतर डोळ्यांना सारखे जाणवत नाही. २७०० आणि ३००० केल्विनचे दोन दिवे शेजारी लावले तर फरक लगेच दिसतो, पण ६२०० आणि ६५०० मधला फरक ओळखणे कठीण जाते.

आपल्याकडे सरसकट ६५०० केल्विनचे दिवे का लागले, याला कारणे आहेत. ट्यूबलाइटच्या शुभ्र उजेडाची सवय आपल्याला आधीपासून होतीच. त्यात पांढऱ्या एलईडीचा गाभा निळ्या प्रकाशाचा असतो, आणि त्यावरच्या पिवळ्या लेपातून काही निळ्या प्रकाशाचे रूपांतर झाल्यावर पांढरा उजेड मिळतो. (हा निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) उजेड जितका पिवळसर हवा, तितके रूपांतर अधिक आणि त्यातली घटही अधिक, त्यामुळे निळसर शुभ्र दिवा तेवढ्याच विजेत थोडे जास्त ल्युमेन, म्हणजे थोडा जास्त उजेड, देतो. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेमुळे एलईडी बल्ब घरोघरी पोहोचले आणि विजेची फार मोठी बचत झाली, हे निर्विवाद आहे. मात्र वीज वाचवण्याच्या त्या लाटेत उजेडाच्या छटेचा विचार मागे पडला, तो आता व्हायला हवा.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यात दृष्टीच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. या पेशी सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असा संकेत पोहोचवतात. रात्री असा प्रकाश भरपूर मिळत राहिला, की झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढायला उशीर होतो. सकाळी अभ्यासाच्या टेबलावर उपयोगी पडणारा ६५०० केल्विनचा लख्ख दिवा रात्री दहा वाजता निजायच्या खोलीत लावू नये, तो याच कारणासाठी. परंतु परिणाम केवळ छटेवर नव्हे, तर प्रखरतेवरही अवलंबून असतो. पिवळसर पण डोळे दिपवणाऱ्या दिव्यांनी खोली भरून टाकली, तर काहीच साधत नाही. छटा उतरवताना उजेडही कमी केला पाहिजे.

छटा बदलणाऱ्या दिव्यात दोन प्रकारच्या एलईडींच्या माळा असतात, एक साधारण २७०० ते ३००० केल्विनची आणि दुसरी ६५०० ची. दोन्हींना मिळणाऱ्या विजेचे प्रमाण बदलले की मधली छटा मिळते. टोकाच्या छटेवर एकच माळ पेटते आणि दुसरी नुसती बसून असते, त्यामुळे तेवढ्याच उजेडासाठी या दिव्यात एलईडी जास्त लागतात आणि किंमतही वाढते. बाजारात ‘थ्री इन वन’ म्हणून मिळणाऱ्या पॅनेलमध्ये भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा चालू केले की छटा तीन पायऱ्यांनी बदलते; रिमोट किंवा मोबाइलवर चालणाऱ्या दिव्यांत ती सलग बदलता येते. बहुतेक घरांना पहिला प्रकार पुरेसा आहे, असे माझे मत आहे. फक्त पॅनेलची मंदप्रखर करण्याची सोय वेगळी असते, तिची चौकशी आधीच करावी, कारण पंख्यासाठी असलेला जुना रेग्युलेटर तिथे चालत नाही. दिवा मंद केल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. पडद्यावर सरकते पट्टे ठळक दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे असे समजावे, मग आपल्या डोळ्यांना ते दिसो वा न दिसो.

रंगतापमान उजेडाची छटा सांगते. त्या उजेडात रंग किती खरे दिसतील, हे सांगत नाही. साडी घेताना ती दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात पाहण्याची आपल्या आयाबहिणींची रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. एकाच केल्विनच्या दोन दिव्यांखाली पैठणीचा लाल किंवा कुंकवाचा रंग निराळा दिसू शकतो, कारण एका दिव्याच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो. त्यासाठी खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतील हे शंभरपैकी सांगणारा दुसरा आकडा, पाहावा. ८० चा दिवा वावरायला चालतो. स्वयंपाकघर, आरसा आणि शिवणकामाच्या जागी मात्र ९० किंवा अधिक सीआरआयचाच दिवा घ्यावा, त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही.

घरातला दिवा आपल्या हातात असतो, रस्त्यावरचा नसतो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी आलेले निळसर शुभ्र दिवे आणि सोसायट्यांच्या वाहनतळांतले फ्लडलाइट आज अनेकांच्या निजायच्या खोल्यांत रात्रभर उजेड पाडत आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच रस्त्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे आणि प्रकाश खाली पाडणारे दिवे सुचवले आहेत. आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचे आकाश काळोखे राखणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हा तिथे आसपासच्या गावांतले दिवे प्रकाश खाली पाडणारे करण्यात आले होते. जंगलाकाठच्या गावांत जे जमले, ते शहरांत जमू नये असे नाही. नगरपालिका आणि महानगरपालिकांनी पथदिव्यांच्या पुढील निविदांमध्ये वॅट व ल्युमेनबरोबरच ‘३००० केल्विनपेक्षा अधिक नको’ ही अट घालावी आणि दिव्याचा प्रकाश आडवा वा वर जाणार नाही अशी रचना बंधनकारक करावी. उत्पादकांनीही केल्विन आणि सीआरआय हे दोन्ही आकडे खोक्याच्या दर्शनी बाजूला, मराठीत आणि वॅटइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली