फरशीवर बसलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव कोटावरच्या बिल्ल्यावर होतं, पण बाहेरच्या उणे २८ मधून आत आल्याआल्या माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. म्हणून नुसतं ताई. मुलगा याचं इंग्रजी करून कॅनडात विनिपेगला, तुमच्या कौमायुकच्या, म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट लोकांच्या कलेच्या संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवणार आहे.

पिशवीतून काढलेलं ते काळं अस्वल आठवत असेल. दुसऱ्या एका शहरात ‘इनुइट कलाकाराने हाताने कोरलेलं’ म्हणून मला विकलं होतं. घरी आल्यावर पोटाखाली साच्याची रेघ दिसली. दुकानदाराकडे परत गेलो, तर त्याने पावतीवरची बारीक अक्षरं दाखवली. आणखी एका ठिकाणी बाईंनी मानही वर केली नाही. बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेल्या मास्तरला दगड आणि साचा ओळखू येऊ नये, ही लाज आणखी वेगळी.

तुम्ही अस्वल उलटं करून पाहिलंत. इग्लूच्या चित्राचं लेबल, जे १९५८ पासून खऱ्या कामाला लावतात, ते यावर नाही म्हणालात. हसला नाहीत. तेवढ्यावर मला वाटेला लावलं असतंत तरी मी आभारच मानले असते. पण माझा हात गुडघ्यावर गेलेला तुम्हाला दिसला. घडीचं स्टूल आणलंत, एकच होतं. मला त्यावर बसवलंत आणि स्वतः फरशीवर मांडी घातलीत. पुस्तक माझ्या मांडीवर उघडून दिलंत आणि मी पानं उलटत होतो तोवर गप्प बसलात. मला आजवर सगळ्यांनी उभ्याउभ्या, वरून समजावलंय हो. शेजारी कुणी बसलं नव्हतं.

पुस्तकात किंगाइट या उत्तरेकडच्या इनुइट गावची चित्रकार ॲनी पुटुगुक होती. रंगीत पेन्सिली. टीव्ही बघणारं घर, दुकानातला भलामोठा फ्रीझर, जोडीदाराची मारहाणसुद्धा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रांचे गठ्ठे मी तपासलेत. सगळ्यांची भाजीमंडई सारखीच. हीही स्मरणचित्रंच, पण पाहुणे येणार म्हणून घर आवरलेलं नाही. आजी पिट्सेओलाक अशुना जुन्या तळांवरचं जगणं चित्रात काढायची, नातीने आजीच्या जाड काळ्या चष्म्याचं चित्र काढलं. २००६ मध्ये ॲनीला सोबी हा कॅनडातला मोठा कला पुरस्कार मिळाला, इनुइट कलाकाराला पहिल्यांदाच. २०१६ मध्ये ती गेली, जेमतेम ४७ वर्षांची.

मी मूर्खासारखं विचारलं, यात सील कुठे आहे? तुम्ही म्हणालात, “आमच्याकडे फ्रीझरमध्ये असतो.”

मग दोघंही हसलो. उठताना तुम्ही हात दिलात आणि तीन मजली काचेच्या कपाटापाशी नेऊन सोडलंत. जवळपास पाच हजार कोरीव कामं. मी तासभर तिथेच होतो, मुलगा खाली गाडीत चिडत होता.

अस्वल आमच्या फ्रीजवर आहे. नातीला सांगितलंय, खोटं आहे, पण फेकायचं नाही.

तुमचं नाव तेवढं कळवा. चष्मा पुसून बसलोय.